ग्लॉसोसोमा कॅडिसच्या फ्लाय पुण्यात बसून कशा बांधाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्राउट माशासाठी फ्लाय, म्हणजे गळावर दोरा, लोकर आणि पिसांनी केलेली कीटकाची नक्कल, बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डबीत मोठ्या कॅडिसच्या फ्लाय असतात. ग्लॉसोसोमाची मात्र क्वचितच आढळते. हिमाचल किंवा काश्मीरला जाण्याआधी पुण्यातली मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे याच एका कीटकापुरती दिली आहेत. फ्लाय बांधण्याची प्राथमिक ओळख वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे.

ग्लॉसोसोमा हा नेमका कोणता कीटक आहे?

कॅडिस हा ट्रायकॉप्टेरा गणातील कीटक आहे. या गणाच्या सोळा हजारांहून अधिक जाती जगभरात नोंदल्या गेल्या आहेत. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांतून तो जातो. पहिल्या तीन पाण्यात पार पडतात आणि प्रौढ थोड्या काळासाठी हवेत येतो. फुलपाखरे आणि पतंग हे या गणाचे सर्वांत जवळचे नातलग असून रेशीम काढण्याची कला दोघांकडेही आहे. पुण्यातल्या जुन्या घरांच्या भिंतींवर धुळीची आणि वाळूच्या कणांची एक राखाडी, चपटी पिशवी सरकताना दिसते आणि तिच्या टोकातून मधूनच एक अळी डोके बाहेर काढते, हे आपण पाहिले असेलच. ती एका पतंगाची अळी आहे. कॅडिसची घर बांधणारी अळी हेच काम पाण्याखाली करते.

ग्लॉसोसोमा हा याच गणातला एक लहान प्रकार आहे. त्याची अळी बारीक खडे रेशमाने जोडून घुमटाच्या आकाराचे घर बनवते. घराची खालची बाजू सपाट असते, तेथे मधोमध खड्यांचा एक पट्टा असतो आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तोंड असते. एका तोंडातून डोके व पाय, दुसऱ्यातून शेपटीकडचे आकडे बाहेर काढून अळी दगडाच्या पृष्ठभागावरून सावकाश सरकते आणि दगडावर वाढलेले सूक्ष्म शेवाळ खरवडून खाते. त्यामुळे ती दगडाच्या वरच्या, उजेड पडणाऱ्या अंगावर दिसते. तिला थंड, स्वच्छ, खळाळते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. हिमालयातील ट्राउटच्या ओढ्यांत अशी जागा भरपूर आहे आणि तेथे हा कीटकही आहे.

मग मासेमारांचे त्याच्याकडे दुर्लक्ष का झाले?

पहिले कारण आकाराचे आहे. पूर्ण वाढलेली अळीही सेंटिमीटरभर भरत नाही. दुसरे कारण असे की तिचे घर दगडावर पडलेल्या खड्यांच्या ढिगासारखे दिसते आणि दगड हातात घेऊनही अनेकांच्या ते लक्षात येत नाही. ओढ्यात जाळे धरून वरचा तळ पायाने ढवळला, तर जाळ्यात मेफ्लाय या दुसऱ्या पाणकीटकाच्या अळ्या आणि जाळी विणणाऱ्या कॅडिसच्या अळ्या ढिगाने येतात. दगडाला घट्ट धरून बसलेली ही अळी मात्र मागे राहते. प्रौढ कीटक काळपट, छोटा आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात उडणारा असल्यामुळे त्याचीही कोणी फारशी दखल घेत नाही. मोठ्या, ठळक कीटकाची नक्कल बांधायला सोपी आणि डबीत शोभून दिसणारी असते, हेही एक कारण आहेच.

पुण्याजवळ ट्राउट नाही. इथे बसून या फ्लाय बांधण्यात अर्थ काय?

महाराष्ट्रात ट्राउटला मानवेल इतके थंड पाणी बारमाही वाहत नाही, हे खरे आहे. परंतु फ्लाय बांधण्याचे काम ओढ्याकाठी होत नसून टेबलाशी होते, आणि मुक्कामाच्या ठिकाणी १८ किंवा २० नंबरच्या, म्हणजे अगदी लहान गळावरच्या फ्लाय विकत मिळतील या भरवशावर निघणे शहाणपणाचे नाही. शिवाय कॅडिस हा गट समजून घ्यायला पुणेकराला लांब जावे लागत नाही. पावसाळा ओसरल्यावर ताम्हिणी किंवा मुळशीच्या बाजूच्या एखाद्या स्वच्छ ओहोळात दगड उलटून पाहिले, तर कॅडिसच्या वेगवेगळ्या अळ्या, त्यांची वाळूची किंवा पालापाचोळ्याची घरे आणि दगडांमधल्या जाळ्या पाहायला मिळतात. पाहून झाल्यावर दगड जसा होता तसाच, खालची बाजू खाली करून ठेवावा. शहरातल्या मुठेत हा शोध घेऊ नये. कॅडिसच्या बहुतेक कुळांना प्रदूषण सोसत नाही, म्हणूनच पाण्याची प्रत ठरवताना जीवशास्त्रज्ञ त्यांची उपस्थिती मोजतात.

अळी दगडी घरात राहते, तर फ्लायही दगडी घराची का बांधू नये?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि उरलेल्या सगळ्या उत्तरांची किल्ली त्यातच आहे.

नळीच्या आकाराचे घर करणारी कॅडिसची अळी मोठी होते तसतशी ती घराच्या पुढच्या तोंडाला नवे खडे किंवा काड्या जोडत जाते, म्हणजे घर तिच्याबरोबर वाढते. ग्लॉसोसोमाच्या घुमटाला असे वाढवता येत नाही. खालचा पट्टा आणि दोन तोंडे यांची मापे अळीच्या अंगाला बसणारी असतात, त्यामुळे अंग वाढले की जुने घर टाकून नवे उभारावे लागते. अळीच्या आयुष्यात कात टाकण्याचे टप्पे अनेक आणि दर टप्प्याला नवे घर, असा हा मामला आहे. घर बदलताना अळी उघडी पडते आणि त्यातल्या बऱ्याच प्रवाहाबरोबर वाहून जातात. एका दगडावर या अळ्या दाटीने राहतात आणि त्यांची वाढही साधारण बरोबरीने होते, त्यामुळे घर बदलण्याची वेळ अनेकींवर एकदमच येते. ट्राउटच्या दृष्टीने हा आयता घास असतो.

याउलट घरात असलेली अळी ट्राउटला सहजासहजी मिळत नाही. घुमट दगडाला चिकटून असतो, त्याची उंची कमी असते आणि मासा तो खरवडून काढायच्या फंदात सहसा पडत नाही. नळीचे घर असलेल्या काही कॅडिस ट्राउट घरासकट गिळतो हे खरे आहे, आणि त्या कीटकांसाठी घराची फ्लाय बांधणे योग्यच आहे. ग्लॉसोसोमाच्या बाबतीत मात्र माशाच्या तोंडी जाते ती घराबाहेरची अळी, वर उठणारा कोष आणि पाण्यात परतलेली मादी. गळावर खरे खडे चिकटवून केलेला घुमट कारागिरी म्हणून कितीही सुबक दिसला, तरी तो तळाला धोंड्यासारखा बसून राहतो आणि बहुधा तिथेच अडकतो. आमच्या मते त्यात वेळ घालवू नये.

कोणता गळ घ्यावा?

अळी आणि कोष या दोन्हींसाठी आखूड दांडीचा, बाक दिलेला गळ घ्यावा. नंबर १८ ठेवावा. पाणी फार नितळ आणि कमी असेल तर २०, बर्फाचे पाणी वाढलेले असेल तर १६. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे. गळाची तार जाड नको आणि अगदी बारीकही नको, कारण ब्राउन ट्राउट दगडाआड शिरला की बारीक तारेचा गळ सरळ होतो. टोकाजवळचा उलटा काटा बांधण्यापूर्वीच पकडीने दाबून टाकावा. बांधून झाल्यावर दाबताना गळ तुटला, तर सगळे श्रम वाया जातात.

साहित्य पुण्यात मिळते का, की सगळे बाहेरून मागवावे लागते?

गळ, व्हाइस (बांधताना गळ पकडून ठेवणारा शिकंजा) आणि बांधायचा बारीक दोरा हे ऑनलाइन मागवणेच बरे. शिवणकामाचा नेहमीचा दोरा १८ नंबरच्या गळावर फार जाड होतो. ७० डेनियरचा दोरा घ्यावा. नऊ हजार मीटर दोऱ्याचे वजन ७० ग्रॅम भरते तो ७० डेनियरचा. गडद तपकिरी रंगाचे एक रीळ अळी, कोष आणि प्रौढ या तिन्हींना पुरते.

बाकीचे बरेचसे गावातच मिळते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची वार्निश चढवलेली तार असते. अंगावर वेढे देण्यासाठी ४० गेजची तार, म्हणजे जवळजवळ ०.१२ मिलिमीटर जाडीची, आणि आतल्या वजनासाठी ३६ गेजची, म्हणजे ०.१९ मिलिमीटरची, अशा दोन मापांची थोडी थोडी मागून घ्यावी. वार्निशमुळे ती लवकर काळी पडत नाही. दुकानदार रिळाच्या तळाशी उरलेला तुकडा बहुधा असाच देऊन टाकतो. अंगाच्या लोकरीसाठी पाळीव सशाचे किंवा अंगोरा जातीच्या सशाचे केस उत्तम. ते न मिळाल्यास मऊ लोकरीचा धागा उसवून, कातरून, बोटांनी पिंजून वापरता येतो. तुळशीबागेत आणि रविवार पेठेत लोकर, बारीक मणी आणि चमकदार धागे यांची निवड इतकी आहे की यादी हातात धरूनच जावे. मधमाशीच्या मेणाचा छोटा तुकडा, रंगहीन नेलपॉलिश, दाभण, टोकदार चिमटा आणि चांगली धार असलेली छोटी कात्री एवढे जमले की साहित्य पुरे झाले.

कोणती पिसे आणि केस वापरणे बेकायदा आहे?

याकडे भारतात विशेष लक्ष द्यावे लागते, कारण परदेशी कृतींमध्ये सर्रास येणारे साहित्य आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येते.

कॅडिसच्या प्रौढ फ्लायसाठी हरणाचे केस सांगितलेले असतात. चितळ, सांबर, भेकर यांचे केस आपल्याकडे बाळगता येत नाहीत, आणि जंगलात सापडले म्हणून उचलून आणले तरी गुन्ह्यातून सुटका होत नाही, कारण संरक्षित प्राण्याचे केस, शिंगे आणि पिसे कायद्याने सरकारच्या मालकीची ठरतात. तित्तिराचे पीस मऊ हॅकलच्या, म्हणजे गळाभोवती मऊ पीस वेढलेल्या, जुन्या इंग्रजी फ्लायमध्ये हमखास असते. आपला तित्तिर हा वन्य पक्षी असल्याने तेही वर्ज्य. आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेवरची, मेणाचा थेंब पडल्यासारखे ठिपके असलेली पिसे जगभरच्या फ्लाय बांधणाऱ्यांनी एके काळी प्रचंड प्रमाणात वापरली. आज ती घेण्याचा मोह कोणी दाखवला, तर सरळ नाही म्हणावे. रानातल्या सशाचे केस नकोत, पाळीव सशाचे चालतात. चित्रकलेच्या जुन्या ब्रशांमधले केस काढून वापरावेत का, असेही विचारले जाते. त्यांतले बरेच ब्रश मुंगसाच्या केसांचे असत आणि मुंगसाच्या केसांचा व्यापार बेकायदा आहे. त्यामुळे ते ब्रश टेबलावर आणूच नयेत.

मोराचे तंतू ही या कामातली फार उपयोगाची वस्तू आहे. मोर पूर्ण संरक्षित असला, तरी शेपटीच्या आपोआप गळलेल्या पिसांना कायद्यात देशांतर्गत सूट आहे. निर्यातीला मात्र बंदी आहे. म्हणून मोराचा तंतू असलेल्या फ्लाय परदेशातल्या मित्राला पाठवू नयेत.

कोंबडीच्या दुकानातून आणलेली पिसे वापरण्यायोग्य कशी करावीत?

गावठी कोंबडीच्या मानेची आणि पाठीची पिसे या कामाला तित्तिराच्या पिसांइतकीच चांगली असतात, आणि तपकिरी ठिपक्यांची कोंबडी मिळाली तर दिसायलाही फरक राहत नाही. कोंबड्याचे पीस नको, कारण त्याचे तंतू ताठ असतात आणि आपल्याला पाण्यात हलणारे मऊ तंतू हवे आहेत. दुकानदाराला मानेची कातडी पिसांसकट वेगळी द्यायला सांगावी. पांढऱ्या ब्रॉयलरच्या पिसांचा इथे उपयोग नाही. रंगवूनही ती निस्तेज दिसतात.

हातमोजे घालून कातडीच्या आतली चरबी बोथट सुरीने पूर्णपणे खरवडून काढावी. राहिलेली चरबी नंतर पिवळी होऊन पिसांत उतरते आणि वासही सुटतो. मग कातडी पुठ्ठ्यावर पिसे खाली करून ताणावी, टाचण्या लावाव्यात आणि आतल्या बाजूवर मीठ व टाकणखार यांचे समप्रमाणातले मिश्रण जाडसर पसरावे. सावलीत, वारा लागेल अशा जागी ती कडक वाळू द्यावी, नंतर मीठ झटकून टाकावे. पिसे मळलेली असतील तर वाळवण्याआधीच कोमट पाणी आणि शाम्पूने धुऊन घ्यावीत. पावसाळ्यात हा उद्योग करू नये. पुण्याच्या जुलैत कातडी वाळण्याआधी बिघडते.

अळीची फ्लाय क्रमाने कशी बांधावी?

गळ व्हाइसमध्ये धरून नेढ्यापासून थोडे मागे दोरा सुरू करावा. नेढ्यामागची जागा रिकामी ठेवणे हीच या आकारात सगळ्यात मोठी शिस्त आहे, कारण डोके आणि पायांचा भाग तिथे बसायचा आहे. ३६ गेजच्या तारेचे चार ते पाच वेढे दांडीच्या मध्यावर, एकमेकांना लागून द्यावेत आणि दोन्ही टोके कापून दोऱ्याने उताराने झाकावीत. ही अळी मध्यभागी फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. तारेमुळे वजन आणि हा फुगवटा दोन्ही साधतात.

यानंतर ४० गेजची तार बांधून ती मागे, बाकात अर्ध्यावर नेऊन ठेवावी. दोऱ्याला किंचित मेण लावावे. लोकर घेताना आपल्याला पुरेशी वाटेल तेवढी चिमूट घ्यावी, मग तिच्यातली निम्मी परत ठेवून द्यावी. उरलेली लोकर अंगठा आणि तर्जनीमध्ये एकाच दिशेने पिळावी, म्हणजे दोऱ्यावर एक सुतासारखा बारीक, घट्ट पीळ तयार होतो. तो बाकापासून पुढे वेढत आणावा. मध्यावर एक वेढा जास्त द्यावा आणि दांडीचा पुढचा तिसरा भाग सोडून थांबावे. मग तार उलट दिशेने, मोकळ्या अंतराने चार-पाच वेढ्यांत पुढे आणावी. तार उलट फिरवल्यामुळे ती लोकरीत बुडत नाही, तिच्यावर आडवी बसते, आणि माशाच्या दातांनी लोकर लवकर सुटत नाही. शिवाय अंगाचे वलय स्पष्ट दिसते.

डोक्याकडच्या भागासाठी गडद तपकिरी लोकरीची आणखी बारीक चिमूट घ्यावी, किंवा मोराचा एकच तंतू दोनदा फिरवावा. शेवटी दोऱ्याच्या गाठी टाकून अगदी लहान डोके करावे. गाठ बसवायचे साधन नसेल, तर बोटांवर फास करून एकामागून एक तीन अर्ध्या गाठी दिल्या तरी चालते. नेलपॉलिश दाभणाच्या टोकावर घेऊन एकच थेंब लावावा आणि तो नेढ्यात शिरला तर लगेच पिसाच्या दांड्याने साफ करावा. मग दाभणाने खालच्या बाजूची तपकिरी लोकर हलकेच उपसावी, म्हणजे पायांचा आभास येतो. या अळीचे पाय आखूड असतात, त्यामुळे उपसलेले केस गळाच्या टोकापर्यंत पोचू देऊ नयेत.

रंग कसा ठरवावा?

घराबाहेरची अळी फिक्या, गुलाबीसर मलई रंगाची असते आणि काही ओढ्यांत तिला हिरवट झाक येते. डोके आणि मानेवरची ढाल गडद तपकिरी असते. पांढरट लोकरीत थोडी गुलाबी आणि अगदी किंचित शेवाळी लोकर बोटांनी पिंजून मिसळावी. मिश्रण एकजीव करू नये. वेगवेगळे रंग जवळून ओळखू येतील इतपत राहू द्यावे. निर्णय घेण्याआधी चिमूटभर लोकर ओली करून पाहावी, कारण कोरडी लोकर पाण्यात एक-दोन छटा गडद होते आणि खाली गडद दोरा असेल तर तोही आरपार दिसू लागतो. फिकट अंगासाठी दोरा गडद असला, तर लोकरीखाली पांढऱ्या दोऱ्याचा एक थर देऊन घ्यावा. ट्यूबलाइटखाली रंग जुळवू नये. दिवसा खिडकीशी बसावे.

कोषाची फ्लाय वेगळी का बांधायची?

कोषावस्थेसाठी अळी घुमटाच्या खालचा पट्टा काढून टाकते, घुमट दगडाला कायमचा चिकटवते आणि त्याच्या आत तपकिरी, चिवट रेशमी आवरण विणते. पूर्ण तयार झालेला कीटक जबड्यांनी ते कापून बाहेर पडतो आणि केसांची झालर असलेल्या मधल्या पायांनी वल्हवत पृष्ठभागाकडे निघतो. या प्रवासात तो असहाय असतो आणि ट्राउट बऱ्याचदा पाण्याच्या वरच्या थरात येऊन त्याला टिपतो. फ्लायला हालचाल हवी ती यासाठी.

अंग अळीप्रमाणेच, पण किंचित सडपातळ आणि तपकिरी-शेवाळी रंगाचे करावे. आत वजनाची तार घालू नये. पुढे कोंबडीचे एक मऊ पीस बांधावे. तंतूंची लांबी गळाच्या बाकापर्यंत पोचेल इतकीच असावी. १८ नंबरसाठी असे पीस मानेच्या अगदी वरच्या भागातच सापडते. पिसाची एक बाजू सोलून काढावी, टोकाकडून बांधावे आणि एकच, फार तर दीड वेढा द्यावा. जास्त वेढे दिले की तंतू दाट होतात, एकमेकांना चिकटतात आणि पाण्यात उघडझाप करत नाहीत. चकाकी हवी असेल तर अंगाच्या लोकरीत चमकदार कृत्रिम धाग्याचे थोडे कातरण मिसळावे. अमेरिकेतील गॅरी लाफाँटेन यांनी कॅडिसच्या कोषासाठी अँट्रॉन नावाचा असाच चमकदार धागा लोकप्रिय केला.

प्रौढ कीटकाची फ्लाय बांधावी का?

दोन-चार असू द्याव्यात. बारीक काळपट अंग आणि त्यावर बदकाच्या तेलग्रंथीभोवतीच्या पिसांचा पंख एवढे पुरते. ही पिसे पाळीव बदकाची असतात आणि आपसूक तरंगतात. १९५७ साली अल ट्रॉथ यांनी बांधलेली, एल्क या मोठ्या हरणाच्या केसांचा पंख असलेली प्रसिद्ध फ्लाय या छोट्या आकारात जाड दिसते. कॅडिसच्या काही जातींच्या माद्या अंडी घालायला पाण्याखाली जातात, त्यामुळे संध्याकाळी प्रौढ उडताना दिसत असूनही वरची फ्लाय मासा घेत नसेल, तर कोषाची फ्लाय लावून पाहावी.

पुढे मणी लावला तर चालेल का?

चालेल, पण १८ नंबरला २ मिलिमीटरपेक्षा मोठा मणी नको, आणि तांबूस किंवा काळा असावा. टंगस्टनचा मणी पितळेच्या दुपटीहून जड असतो, म्हणून खोल खळाळासाठी तोच घ्यावा. तुळशीबागेतला काचेचा मणी वजनाला उपयोगी नाही. कोषाच्या फ्लायला चकाकी म्हणून मात्र तो छान दिसतो.

पाण्यात ती कशी खेळवावी?

अळी वाहत जाते, पोहत नाही. म्हणून फ्लायला दोराची ओढ बसता कामा नये. खळाळ संपून डोह सुरू होतो त्या सीमेवर ट्राउट उभा असतो. फ्लाय खळाळात वर टाकावी आणि तळालगत, पाण्याच्या वेगाने त्याच्याकडे येऊ द्यावी. शेवटचा नायलॉनचा पदर ०.१३ ते ०.१५ मिलिमीटर जाडीचा असावा. घास हलका असतो, त्यामुळे दोर क्षणभर जरी थबकला तरी काठी उचलावी. थबकण्याचे कारण बहुधा दगडच असतो, पण प्रत्येक वेळी नाही.

कोषाची फ्लाय तशीच वाहू द्यावी, परंतु ती आपल्या खालच्या अंगाला पोचली की काठी थांबवावी. दोर ताणला जातो, फ्लाय तळाकडून वर उचलली जाते आणि बहुतेक वेळा घास नेमका तेव्हाच येतो. हिमालयातले लहान ओढे गरवायला जपानी टेन्कारा पद्धतीची लांब, रीळ नसलेली काठी फार सोयीची पडते, कारण दोर पाण्याला न टेकवता फ्लाय वाहवता येते.

पुण्यात सराव कुठे करावा?

धरणांच्या पाण्यात मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने दिलेले असतात, म्हणून आधी स्थानिक संस्थेला विचारावे. चिलापी (तिलापिया) मासा कोषाची छोटी फ्लाय बिनदिक्कत घेतो. त्यातून ट्राउटविषयी काही कळत नाही, पण हलका घास ओळखण्याचा हात बसतो.

पावसाळ्यात पिसे आणि फ्लाय कशा जपाव्यात?

हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवाव्यात. पिसांना कसर लागते, म्हणून नवे साहित्य जुन्यात मिसळण्याआधी पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे. डांबराच्या गोळ्या प्रभावी असल्या तरी त्यांचा वास फ्लायला महिनोन्‌महिने राहतो. त्यांऐवजी घट्ट झाकण हाच खरा उपाय आहे. वापरलेल्या ओल्या फ्लाय डबीत परत ठेवू नयेत. एक गंजलेला गळ शेजारच्यांनाही गंजवतो.

हिमाचलात या फ्लाय घेऊन कधी जावे?

ब्राउन ट्राउट मूळचा भारतातला नाही. काश्मीरमध्ये तो विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिरावला आणि तेथून १९०९ च्या सुमारास त्याची अंडी कुल्लू खोऱ्यात नेण्यात आली. तीर्थन, उहल, पब्बर आणि बास्पा या नद्यांत तो आजही आहे. हिवाळा हा त्याच्या विणीचा काळ असल्यामुळे हिमाचलच्या ट्राउट नद्यांमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. बर्फ वितळून पाणी गढूळ होण्यापूर्वीचे मार्च-एप्रिल आणि पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर हे दिवस छोट्या फ्लायसाठी सर्वांत चांगले, कारण पाणी नितळ असते. मत्स्य विभागाचा परवाना काढावा आणि तीर्थनच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचे नियम वेगळे आहेत, हे विसरू नये. पुण्याहून विमानाने जात असल्यास गळांची डबी आणि कात्री चेक-इन सामानात ठेवावी.

ट्राउटऐवजी ‘असला’ नावाचा मासा गळाला लागला तर काय करावे?

‘असला’ हा हिमालयातला मूळचा मासा आहे. त्याला स्नो ट्राउट म्हणत असले तरी तो कार्पच्या कुळातला आहे. त्याचे तोंड खालच्या बाजूला असते आणि तोही दगडावरचे शेवाळ खरवडून खातो, त्यामुळे तळालगत वाहणारी अळीची फ्लाय तो अधूनमधून घेतो. हात ओले करून त्याला पाण्यातच धरावे, काटा दाबलेला गळ मागे ढकलून काढावा आणि तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः निघून जाईपर्यंत आधार द्यावा.